मी मयत लिहिलेली आई

अन्याय झाला तो एका आईवर आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलीवर. कधी झाला तेही नेमकं सांगते, कारण पत्रक लिहिताना आम्ही पहिल्यांदा तेच विचारायचो: कुणावर, आणि कधी? आणीबाणी उठल्याच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या सोमवारी, सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास, कोल्हापुरातल्या एका बालगृहाच्या कचेरीत. अन्याय करणारा हात माझा होता. बाकीचे हात नंतर लागले. त्यांनाही मी सोडणार नाही, पण क्रम चुकवायचा नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. समाजकार्याचं शिक्षण नुकतंच संपलेलं. राजारामपुरीत एका डॉक्टरच्या दवाखान्यावर दोन खोल्यांत आमची संस्था चालायची, तिथं कामाला लागले होते. महापालिकेच्या शाळांतून जी पोरं गळतात त्यांच्या घरी जायचं, का गळली ते बघायचं, आणि काहीही करून त्यांना परत वर्गात बसवायचं, हे काम. उरलेल्या वेळात पत्रकं. गणवेशाच्या सक्तीविरुद्ध पत्रक, पटावरून नावं कापण्याविरुद्ध पत्रक. सायक्लोस्टाईलची शाई नखांतून निघायची नाही. मोठ्यानं बोललं की निम्मं काम झालं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

ती मुलगी आमच्या एका बालवाडीत यायची. तिची आई चंदगडकडची. नवरा गोव्याला खाणीवर गेला तो तिकडचाच झाला, म्हणून ही लेकीला घेऊन कोल्हापुरात आली आणि लक्ष्मीपुरीत एका व्यापाऱ्याकडं धान्य चाळायला, निवडायला लागली. दिवसभर तूर-हरभऱ्याच्या धुळीत. संध्याकाळी लेकीला न्यायला आली की बालवाडीच्या पायरीवर बसून आधी खोकून घ्यायची, मग हाक मारायची. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावलं ते त्या खोकल्यामुळं. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. क्षय. डॉक्टर म्हणाले, मिरजेला भरती व्हावं लागेल, सात-आठ महिने तरी, आणि मूल जवळ ठेवायचं नाही.

मग मूल कुठं ठेवायचं? हे डॉक्टर सांगत नाहीत. शेजारणीनं चार दिवस सांभाळलं. कसला रोग ते कळल्यावर पोरीचं ताट वेगळं केलं, आणि पाचव्या दिवशी तिला आमच्या कचेरीत आणून उभी केली. "तुमी शिकल्याली मानसं. तुमीच बगा आता."

म्हणून बालगृह. तिथल्या कारकुनानं छापील अर्ज पुढं सरकवला. मी आईचं नाव लिहायला लागले तसा त्यानं कागदावर हात ठेवला.

"आई हाय व्हय हिला?"

"आहे. आजारी आहे."

"मग जागा न्हाय. हितं अनाथ घेत्यात. आई हाय तर अनाथ कशी?"

"अहो, ती आठ महिने दवाखान्यात असणार."

"ते मला सांगून काय उपेग, म्याडम? हयात न्हायतर मयत, दोनच हाईत हितं. आजारी म्हणून रकाना छापलेलाच न्हाय." मग आवाज खाली आणून, अगदी भल्या मनानं तो म्हणाला, "मयत लिवा. दाखला कोन मागतोय? बाई बरी हून आली की बगू, मी हाय की."

आई बाहेर बाकावर लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मी जाऊन तिला सांगितलं.

"मी मेलो व्हय?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. "बरं झालं. आता सुया तरी टोचून घ्याला नगोत. लिवा, लिवा. लेकीला दोन येळचं मिळतंय न्हवं? मग दोनदा मारा मला."

मी आत गेले. मयत लिहिलं. खाली सही केली, संस्थेचा शिक्का मारला. खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटला. एक मूर्ख नियम होता आणि मी त्याला फसवलं होतं.

निघताना पोरगी रडली नाही. "कवा येनार?" एवढंच तिनं विचारलं. आई म्हणाली, "शाळा सुरू हुताना येतो. पयलीत घालायला." मीही कबूल केलं की दर महिन्याला येऊन भेटेन.

मी दोनदा गेले. पहिल्यांदा तिनं मला तिची खाट दाखवली, पत्र्याची पेटी दाखवली, नवी मैत्रीण दाखवली. दुसऱ्यांदा गेले ते संक्रांत झाल्यावर. कचेरीतच तिला बोलावून घेतलं. ती हाताची घडी घालून सरळ उभी राहिली आणि कविता म्हणावी तसं म्हणाली, "माझी आई देवाघरी गेली."

"कुणी सांगितलं तुला?"

"मावशींनी. इथं सगळ्यांच्याच जातात."

तिथं मुलं सांभाळणाऱ्या मावशीचा काय दोष? पोर रोज विचारायची, मावशीनं कागद बघितला, कागदात होतं ते सांगितलं. मी कारकुनाकडं पाहिलं. त्यानं मान रजिस्टरात घातली. मधे नवे अधीक्षक आले होते, ते शेजारच्या खोलीत, दार उघडं. मी तोंड उघडून "तुझी आई मिरजेला आहे, बरी होतेय" म्हटलं असतं तर त्यांना ऐकू गेलं असतं, आणि पोरीची जागा गेली असती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. बरं.

त्यानंतर गेले नाही. मोर्चे होते, शाळांच्या परीक्षा होत्या, गळतीच्या याद्या होत्या. कारणं सगळी खरी आहेत. मिरजेला मात्र एकदा गेले. आईनं विचारलं, "कशी हाय?" मी सांगितलं, मजेत आहे.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, ती राजारामपुरीत जिना चढून वर आली. न थांबता, एका दमात. गालावर मांस आलं होतं. हातात महाद्वार रोडवरून घेतलेला फ्रॉक. "येवडी झाली असंल न्हवं?" म्हणत तिनं कमरेजवळ हात धरून दाखवला, मग जरा वर धरला.

आम्ही दोघी बालगृहात गेलो. अधीक्षकांनी फाईल मागवली, वाचली, मिटली.

"ही मुलगी चैत्रात दत्तक गेली. कोर्टाच्या मंजुरीनं. वर्तमानपत्रात नोटीस दिली होती, कुणाची हरकत आली नाही."

ती माझ्याकडं बघायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आमच्या कचेरीत तीन वर्तमानपत्रं यायची, आणि कोर्टाच्या नोटिसांचं पान मी कधी उघडलं नव्हतं.

"मला कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"आई."

"आई मयत आहे, बाई."

"आवो सायेब, मी हितं हुबी हाय की!"

अधीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी फाईल माझ्याकडं फिरवली. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

कारकून पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर गेला. तो परत आला नाही.

मुलगी डोंगरातल्या वाडीत, घरी जन्मलेली. जन्माची नोंद नाही. बालवाडीच्या हजेरीत फक्त पोरीचं नाव. ही माय आणि ही तिची लेक असं दोघींना एकत्र लिहिलेला सगळ्या जगात एकच कागद होता, आणि तो माझा होता.

आईनं फ्रॉक टेबलावर ठेवला. "मग ह्यो तरी धाडा तिला." अधीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. पत्ता गुप्त असतो. त्यांनी फ्रॉक उचलून तिच्या हातात परत दिला.

वकील म्हणाला, मंजुरी रद्द करून मागता येईल, पण तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलं असं प्रतिज्ञापत्र द्या, आणि लवकर द्या. त्याच दिवशी मी ते लिहून काढलं. आमच्या संस्थेच्या ताईंकडं नेलं. मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्या ताई. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "तू अडकलीस तर एकटी अडकशील. पण यावर संस्थेचा शिक्का आहे. उद्यापासून आपलं एकही पोर कुठं घेणार नाहीत. थांब जरा, मी बघते." आणि कागद खणात ठेवला.

मी थांबले. भिंतींवर घोषणा रंगवताना कुणाच्या बापाला न भिणारी मी, एका लाकडी खणापुढं थांबले. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. शेवटी खण उघडून कागद घेतला आणि कोर्टात गेले, तर न्यायाधीश म्हणाले, उशीर झाला. मुलगी रुळली आहे, आता तिला हलवणं तिच्या हिताचं नाही. अर्ज फेटाळला. खोटं लिहिल्याबद्दल माझ्यावर खटलासुद्धा झाला नाही. तेवढीही दखल कुणी घेतली नाही.

मी संस्था सोडली. याला सहा वर्षं होतील. गेल्या महिन्यात त्या बालगृहात जाऊन मुद्दाम अर्ज मागून पाहिला. हयात, मयत. अजूनही दोनच. आईनं मरून दाखवल्याशिवाय लेकराला भात मिळत नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मी पत्रं लिहिते. उत्तर येत नाही.

ती बाई आता चंदगडला काजूच्या कारखान्यात बिया फोडायच्या कामाला आहे. टरफलांतल्या तेलानं बोटांची सालं गेलीत. मी एसटीनं जाते, तिच्याजवळ बसते. ती मला कधी शिवी देत नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मागच्या खेपेला काम करता करता म्हणाली, "आनू नगा तिला हिकडं. कुनाला तरी आई म्हनत असंल, म्हनू दे. दूध-भात खात असंल, खाऊ दे. पर तिच्या डोक्यात बसलंय न्हवं, आई मेली म्हनून. तेवडं काडा कुनीतरी."

ते मला काढता येत नाही. पत्ता माझ्याकडं नाही. तुमच्याकडं असेल.

त्या चैत्रात कोल्हापूरच्या बालगृहातून सहाव्या वर्षात आलेली मुलगी तुम्ही घरी नेली असेल, तर तिच्या डाव्या भुवईच्या टोकाला खोक पडल्याची जुनी खूण बघा. आता ती अकरा-बारा वर्षांची असेल. ती तुमची आहे, तिला मागायला कुणी येणार नाही. पण आज तिला समोर बसवा आणि स्वच्छ शब्दांत सांगा: तुझी आई जिवंत आहे. ती आजारी होती. बरी झाल्यावर, ठरल्या वेळी, तुला न्यायला आली होती.