बोर्डभाऊंचा आवाज

बोर्डभाऊ आमच्या घरात शिरायचे ते ओरडतच. "वहिनी, काय बंद हाय?" कसे आहात, बरे आहात का, ही चौकशी त्यांच्याकडे नव्हतीच. दुकानांवरचे, बसस्टँडवरचे, दवाखान्यांतले लाल आकड्यांचे बोर्ड तेच बनवत आणि तेच दुरुस्त करत, म्हणून आमच्या गावातल्या लालबागेत त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. तुमच्या आजोबांशी ते गप्पा मारायला बसले की शेजारी भांडण सोडवायला येत. तुम्हा दोघांना मी जेवताना हळू बोलायला शिकवलं, पण बोर्डभाऊंपुढे माझं काही चाललं नाही.

त्यांचं लहानपण पॉवरलूमच्या खडखडाटात गेलं होतं. तिथे पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं. त्यांचे वडील लूमवर उभे राहून राहून पार बहिरे झाले. एकदा ते एकटेच दवाखान्यात गेले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले. कंपाउंडर नाव पुकारत होता, त्यांना ऐकू येत नव्हतं. शेवटी झाडूवालीनं उठवून घरी धाडलं. हे सांगताना बोर्डभाऊ दर वेळी नव्यानं तापत. "माणूस समोर बसेल हाय, आन् म्हणे गैरहजर! या गावात अर्ध्या लोकायचे कान लूमनं खाल्ले. त्यायच्याशी बोर्डच बोलतो."

एकदा त्यांनी आमच्या अंगणात बोर्ड उघडला होता. प्रत्येक आकड्याला त्यांनी स्वतंत्र वायर दिली होती. एकाच वायरवरून पुढे पुढे जोडत नेलं तर वायर कमी लागते, पण मग पहिला आकडा बिघडला की सगळे विझतात. "एक मेला तर बाकीच्यायनं का मरायचं?" असं ते म्हणत. शिवाय प्रत्येक वायर गरजेपेक्षा वीतभर लांब ठेवून तिचा वेढा करत आणि लूमवरच्या सुतानं, विणकराची सुरगाठ मारून, बांधत. एक टोक ओढलं की गाठ सुटायची आणि आकडा वायरसकट हातात यायचा. मला ते पसाऱ्यासारखं वाटे. "वहिनी, ही ढील माझ्यासाठी नाय. माझ्यामागून जो उघडंल, त्याचा हात आत जायला पायजे."

आमच्याच भागातल्या एका खाजगी दवाखान्यातला नंबरांचा बोर्ड त्यांचाच होता. दवाखान्याला नवा रंग दिला तेव्हा बाहेरगावच्या ठेकेदारानं बोर्डही 'साफ' केला. साफ म्हणजे काय, तर सुताचे वेढे कापून फेकले, वायर वाचवायला सगळे आकडे एकामागे एक जोडले आणि मागचं झाकण कायमचं चिकटवून टाकलं. थोड्याच दिवसांत सगळे आकडे विझून बोर्ड काळा पडला. बोर्डभाऊ स्क्रू काढायचा पेचकस घेऊन पोचले. मी रक्तदाब तपासून घ्यायला तिथेच बसले होते.

"काका, टेन्शन मत लो," मॅनेजर म्हणाला. "आता माईकवर पुकारतो ना आम्ही."

"ज्याला ऐकू येत नाय त्याला?"

"त्याच्यासोबत कोणी तरी असतंच ना."

"माझ्या बापासोबत कोण होतं रे?"

वॉचमननं त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. ज्या माणसानं तो बोर्ड बनवला, त्याचा दंड!

पुढे बोर्डभाऊंचे स्वतःचे कानही गेले. मग दम लागायला लागला. बायको आधीच गेलेली, मुलगा सुरतेला, म्हणून मीच त्यांना त्या दवाखान्यात घेऊन गेले. नंबर घेऊन त्यांना बसवलं आणि खाली मेडिकलमध्ये त्यांची रोजची औषधं आणायला गेले. परत आले तर बोर्डभाऊ मान वर करून, सवयीनं, त्या काळ्या बोर्डाकडे बघत बसलेले. त्यांचा नंबर केव्हाच पुकारून झाला होता आणि डॉक्टर उठून गेले होते.

"आंटी, आवाज तो दिया था," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पेशंट गैरहजर होते."

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बोर्डभाऊंनी माझी बाही ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "वहिनी, पयला आकडा मेला असंल. उघडू द्या म्हणा. एवढंसं काम हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांना तपासलं. त्या उन्हाळ्यातच ते गेले. एका दिवसानं फरक पडला असता असं मी म्हणत नाही. पण हजर माणसाला गैरहजर ठरवलं, आणि तेही त्यानंच बनवलेल्या बोर्डाखाली, हे मी कधीही माफ करणार नाही.

परवा केळीच्या मंडीतला त्यांचा जुना बोर्ड बिघडला. बोर्डभाऊंना कधी न पाहिलेल्या एका कारागिरानं मागचं झाकण काढलं, सुताचं टोक ओढलं आणि मंडळींचा चहा होईपर्यंत आकडे पुन्हा लागले. दवाखान्यातला मात्र अजून काळाच आहे. मला बघितलं की मॅनेजर आतल्या खोलीत जातो.

तुमची आई फोनवर म्हणते, हल्ली तुझा आवाज फार चढलाय. चढणारच. तपासणीला गेले की मी त्या बोर्डाखाली उभी राहते, माईकवरचा प्रत्येक नंबर पुन्हा ओरडून सांगते, आणि ज्याची मान वर आहे त्या म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावून त्याचा नंबराचा कागद बघते. काउंटरवरची मुलगी म्हणते, "आंटी, धीरे." मी ऐकत नाही. आणि दारातून आत शिरतानाच, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विचारते, "काय बंद आहे?"