चावऱ्या मुलीचा बाप

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भिंतीवर निघाला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा, एवढंच त्या ब्रेकचं काम. मास्तर मात्र तो इतक्या आधी दाबायचे की शिकणाऱ्याला भिंत दिसायचीसुद्धा नाही. त्यांच्या गाडीला आजवर ओरखडा पडला नव्हता आणि ड्रायव्हिंग स्कूलचा मालक हे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगे. मास्तरांचे विद्यार्थी परीक्षेत धडाधड नापास होतात, हे तो सांगत नसे. नापास झालेले पुन्हा शिकायला येत, त्यामुळे त्याची काही तक्रारही नव्हती.

मास्तर स्वभावानेच असे. रस्ता मोकळा असला तरी दोनदा बघून ओलांडणारे, गरम चहा बशीत ओतून वर फुंकणारे, आवाज कधी न चढवणारे. ओरडलं की शिकणारा गडबडतो आणि नेमका नको तिथे पाय देतो, हे ते अनुभवाने शिकले होते. तर अशा या गरीब माणसाच्या पोटी एक चावरी मुलगी जन्माला आली.

तिला घरात सगळे मुंगी म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मास्तरांच्या आईने लाडाने ठेवलेलं नाव. ती ते इतकं मनावर घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. चौथं वर्ष लागायच्या सुमाराला तिने पाळणाघरात चावायला सुरुवात केली. खेळणं ओढलं, चावली. झोपाळ्यावर नंबर आला नाही, चावली. एकदा तर एक मुलगा तिच्याजवळ नुसता उभा होता, त्यालाही चावली. का, ते तिलाही सांगता येईना.

पाळणाघराच्या ताई वाईट नव्हत्या. पण एका संध्याकाळी त्यांनी मास्तरांना दारातच थांबवलं. "बाकीच्या मुलांच्या आया माझं डोकं खातायत हो. आणखी एकदा झालं ना, तर तिला ठेवणं मला जमायचं नाही."

त्या रात्री जेवताना याचाच विषय. मास्तरांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. कितीतरी ठिकाणी नकार पचवून ही नोकरी मिळाली होती आणि ती कायम व्हायची वेळ आता कुठे आली होती.

"तिला काढलं तर घरी कोण बसणार ते मला माहीत आहे," ती ताटाकडे बघत म्हणाली. "मीच."

"मी सांभाळीन की," मास्तरांची आई म्हणाली.

"आई, तुम्हाला नीट दिसत नाही. ही दार उघडून रस्त्यावर गेली तर?"

आईने तो मुद्दा सोडला आणि दुसरा धरला. "तिला एकदा चौदावं रत्न दाखवा. तुम्ही डोक्यावर बसवून ठेवलीय. हा लहानपणी चावला होता, तेव्हा मी दोन धपाटे घातले. आजवर चावला का?"

मास्तरांनी मान हलवली. आजवर ते कुणाला चावले नव्हते, हे खरंच होतं. पण धपाट्यांमुळे, की मुळातच चावण्यासारखे नव्हते म्हणून, हे त्यांना ठरवता येईना.

मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. बायको मोबाइलवर एका बाईंचे व्हिडिओ बघायची. त्या म्हणत, मुलाला दोन पर्याय द्या, निवड त्याला करू द्या. म्हणून मास्तरांनी विचारलं, "मुंगी, तू आत्ता दात घासणार की गोष्ट झाल्यावर?" मुंगीने विचार केला आणि म्हणाली, "उद्या." हा पर्याय व्हिडिओत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच एका बाईंनी सांगितलं की पर्याय देऊन मुलं बिघडतात. शेजाऱ्याचं म्हणणं, दुर्लक्ष करा. शेजाऱ्याच्या बायकोचं म्हणणं, याने स्वतःच्या पोरांकडे दुर्लक्षच केलं आणि ती वाया गेली. मास्तरांची पार भंबेरी उडाली. एका सकाळी ते विद्यार्थ्याला म्हणाले, "तुम्ही आत्ता क्लच दाबणार की वळल्यावर?" विद्यार्थ्याने घाबरून स्टिअरिंगच सोडलं.

शेवटी बायकोने दोघांचं नाव दवाखान्यातल्या पालकांच्या वर्गात घातलं. तिथे शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांचं बोलणं ऐकताना सगळं अगदी सोपं वाटायचं. मारू नका. लाजवू नका. तिला काय वाटतंय ते शब्दांत सांगायला शिकवा. 'मला राग आलाय' असं म्हणता आलं की दातांचं काम कमी होतं. चांगलं वागली की लगेच कौतुक करा. घरी आलं की मात्र हे सगळं हातातून निसटून जायचं. कौतुक कधी करायचं, चावली नाही तेव्हा? मग दिवसभर कौतुकच करत बसायचं का? मास्तरांना हे विचारायचं होतं, पण वर्गात बाकीचे पालक माना डोलवत होते, म्हणून त्यांनीही डोलवली.

निघताना बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही थोडे दिवस पाळणाघरात जाऊन बसा. चावायच्या आधी नेमकं काय होतं ते फक्त बघा. मध्ये पडू नका. फक्त बघायचं, बरं का."

मास्तरांनी रजा टाकली आणि ते पाळणाघरातल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. त्यांनी खरोखर नुसतं बघायचं ठरवलं होतं. पण समोर एका मुलीने मुंगीच्या हातातली बादली ओढली, मुंगीचे ओठ ताणले गेले, मान पुढे झाली, आणि मास्तरांचा हात आपसूक मध्ये गेला. मुंगीचं तोंड त्यांच्या तळव्यावर आपटलं. कुणी रडलं नाही. ताईंनी हसून मान हलवली. मास्तरांना इतकं बरं वाटलं की बघायचं राहूनच गेलं.

मग रोज हेच. तिचं तोंड उघडायच्या आत त्यांचा हात तिथे. पुढे पुढे तर ती कुणावर चिडली की आधी बापाकडे बघायची. त्यांनी नुसती भुवई उचलली तरी पुरे व्हायचं. रजा संपली, मास्तर कामावर गेले, आणि धाकधूक करत संध्याकाळी पाळणाघरात पोचले. ताई म्हणाल्या, "काही नाही हो! कुणाला हातसुद्धा लावला नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत विजय साजरा झाला. आई म्हणाली, मी डोळे वटारले त्याचा गुण. बायको म्हणाली, पर्याय दिले म्हणून. मास्तरांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बायकोला उशिराची ड्यूटी लागली होती, तीही ती निर्धास्तपणे करत होती. कायम व्हायचं पत्र येणार, असं लॅबमध्ये सगळेच म्हणत होते.

मुंगीला आंघोळ घालायचं काम आजीचं. त्या संध्याकाळी आजीची कंबर धरली, म्हणून मास्तरांनी बाही वर केली आणि बादली भरली. "चला, कपडे काढा."

"मी काढते," मुंगी म्हणाली. झगा काढताना तिने डावा हात पाठीमागे नेला. मास्तरांना वाटलं, खेळतेय. त्यांनी हसत तो हात पुढे ओढला.

कोपराच्या खाली, लांब बाहीत झाकला जाणारा सगळा भाग लाल-निळा झाला होता. लहान लहान दातांच्या कमानी, एकीवर एक. आजीच्या अधू डोळ्यांना त्या दिसल्या नव्हत्या.

"हे कोणी केलं?" मास्तरांचा आवाज चढला. त्यांना वाटलं, एखाद्या पोराने सूड घेतला.

"मी."

"तू? कशाला गं?"

"मला राग आला होता," मुंगी म्हणाली. अगदी स्पष्ट, दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं तसं. मग जरा थांबून, कौतुकाची वाट बघत, "पण मी कुणालाच नाही चावले."

कौतुक लगेच करायचं असतं, हे मास्तरांना आठवलं. रागवायचं नसतं, हेही आठवलं. लाजवायचं नसतं. दुर्लक्ष करायचं असतं, की करायचं नसतं? एवढ्या सगळ्यांनी एवढं सांगितलं होतं आणि या हाताबद्दल कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. तो हात इतका लहान होता की त्यांच्या मुठीत मावत होता.

"दुखतं का?"

"थोडंसं." ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "बाबा, मग आता आईला घरी नाही ना बसावं लागणार?"

त्या रात्री जेवताना बोललेलं हिने सगळं ऐकलं होतं, आणि तेव्हापासून ती एकटीच हे निस्तरत होती. मास्तरांनी तिला उघड्या अंगाने तसंच जवळ घेतलं. तिने थोडा वेळ घेऊ दिलं.

बाहेर दार वाजलं. बायको आली होती. चपला काढता काढता तिने आनंदाने हाक दिली, "अरे, पत्र मिळालं! आणि आज चावली नाही ना कुणाला?"

"नाही!" मुंगी आतून ओरडली आणि घाईघाईने पंचा हातावर ओढायला लागली.

मास्तरांनी तो पंचा हळूच बाजूला केला. आता काय होईल, पाळणाघराचं काय, नोकरीचं काय, त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"चावलीय," ते म्हणाले. "तू आधी इकडे ये."