रुमालातला तुकडा

आमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात थरावर थर चिकटवून शीट बनवतात. त्या तपासायला दर सोमवारी टेंभुर्णीहून एक जण यायचा. त्याचं यंत्र शीटमध्ये कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचं. आतला थर सुटलेला असला की पडद्यावरची रेघ सरकायची.

मला त्याचा भारी संशय. चहा विचारला की "काम झाल्यावर" म्हणायचा आणि काम झालं की निघून जायचा. शिवाय आधी रुमालातून स्वतःचा एक तुकडा काढायचा, आतला थर मुद्दाम सोडवलेला, आणि यंत्र त्यावर टेकवायचा.

"आदी खोटं वळखतंय का बगू की."

तिथंच काहीतरी जुळवून हा आमचा माल नापास करतो, असं माझं पक्कं मत.

एका सोमवारी तो हात धुवायला गेला. मी त्याचा तुकडा खिशात टाकला आणि रुमालात तसाच दिसणारा धड तुकडा ठेवला.

त्यानं यंत्र टेकवलं. रेघ हलली नाही. यंत्र टेकवण्याआधी लावायचं चिकट जेल पुसून पुन्हा लावलं. रेघ तशीच. आता यंत्राला शिव्या घालणार, म्हणून मी वाट बघत होतो.

त्यानं यंत्राचा टेकवायचा दांडा, प्रोब, उचलला आणि सावकाश माझ्या शर्टाच्या खिशापाशी आणला.

"सायेब, हितं बगू का?"