नवी केबल

माझ्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये बसायला एकच योग्य जागा आहे. बाकीच्या जागांवर पाहुणे बसतात. ही जागा म्हणजे एक लाकडी खुर्ची. दोन्ही स्पीकरपासून तिचं अंतर सारखं आहे, हे मी टेप लावून तपासलेलं आहे, आणि फरशी पुसताना कुणी ती सरकवली तर कळावं म्हणून तिच्या चारी पायांभोवती खडूने गोल काढले आहेत. बायको म्हणते, खून झालेल्या जागी पोलीस काढतात तसे.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर कुणी देवाच्या मागे लागतं, कुणाच्या मागे शुगर लागते. मी आवाजाच्या मागे लागलो. आधी अ‍ॅम्प्लिफायर आला, मग जुन्या रेकॉर्डी वाजवायचं मशीन आलं, मग माझ्या कमरेएवढे स्पीकर आले आणि बायकोचं शोकेस बेडरूममध्ये गेलं, कारण काचेची कपाटं आवाज बिघडवतात. स्पीकरखाली शहाबादी फरशीचे तुकडे घातले. मागच्या भिंतीला पाहुण्यांची गादी उभी केली, त्यामुळे पाहुणे यायचे कमी झाले, हा वेगळाच फायदा. ऐकताना पंखा बंद, फ्रिज बंद. नगरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून गाणं ऐकणाऱ्या माणसाला शेजारी काय म्हणतात ते मला माहीत आहे. खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी मात्र मला बंद करता आली नाही. मी सुचवून पाहिलं होतं.

या सगळ्याला साक्षीदार एकच होते, पेटीवाले सर. मिशनच्या एका शाळेत त्यांनी मराठी शिकवलं आणि चर्चमध्ये कित्येक वर्षं दर रविवारी पेटी वाजवली. उपासना संपली की ते स्कूटरवरून थेट माझ्याकडे यायचे, त्याच इस्त्रीच्या शर्टात. ती एकमेव खुर्ची मी त्यांना द्यायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एखादंच वाक्य बोलायचे, "तबला जरा मागे बसलाय" असं काहीतरी. मी वहीत लिहून घ्यायचो आणि आठवडाभर स्पीकर बोटभर इकडेतिकडे करत बसायचो. बायकोनंतर मी कुणाचं इतकं ऐकलेलं नाही, आणि बायकोचंही ऐकलं म्हणतो ते या लेखापुरतंच.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि माझी हत्यारं म्हणजे ही. सगळे डबे पुढे ओढले, वायरी काढल्या, स्पिरिटने पुसलं, अ‍ॅम्प्लिफायरला झेंडूची माळ घातली. हळदीकुंकू मात्र मी दुरूनच दाखवलं. त्याच मुहूर्तावर बसवायला मी नवी स्पीकर केबल मागवून ठेवली होती. अंगठ्याएवढी जाड. तिच्यातल्या दोन तारांपैकी एक तांबडी, एक चंदेरी. ती मी स्वतः जोडली, कारण असल्या कामाला दुसऱ्याचा हात लागू देण्यापेक्षा मी हात मोडून घेईन. स्पीकरच्या मागे पोटावर पडून, तोंडात टॉर्च धरून, चष्मा कपाळावर.

जोडून झालं, गाणं लावलं आणि मी उडालोच. आवाज भिंती ओलांडून गेला होता! हॉल दुप्पट मोठा वाटत होता. गाणं स्पीकरमधून येतच नव्हतं, सगळीकडून येत होतं. बेस थोडा कमी झाला होता, पण त्याला मी आटोपशीर म्हणालो. एका केबलने एवढा फरक पडतो यावर विश्वास न ठेवणाऱ्यांची मला कीव आली. पुढच्या दोन दिवसांत मी चार जणांना बोलावून ऐकवलं. चौघांनी माना डोलावल्या. चहा चांगला होता.

रविवारी सर आले. खुर्चीत बसले, डोळे मिटले. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडून दोन्ही स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, बाई कुठे गेली?"

"कोण बाई?"

"गाणारी. एरवी मधोमध उभी असते. आज ती कुठंच नाही. नुसता आवाज आहे, गळाच नाही त्याला."

मी केबलबद्दल सांगितलं. तांब्याची शुद्धता सांगितली. ते म्हणाले, "असेल. पण पोकळ लागतंय हो."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. बायको स्वयंपाकघरातून डोळ्यांनी तेच सांगत होती. पण माझा पारा चढला होता. मी म्हणालो, "सर, रागावू नका, पण या वयात कान जातात. वरचे सूर आधी जातात, हे शास्त्र आहे. त्यात चर्चमधल्या त्या कर्ण्यासमोर इतकी वर्षं बसलात. एकदा दाखवून घ्या. स्वतःला कळत नाही, पण बाकीच्यांना कळत असतं."

ते शेवटचं वाक्य मी वर्गात ढ मुलांना म्हणायचो त्याच आवाजात म्हणालो. सरांनी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी फोन केला नाही. चूक त्यांची होती, मी कशाला करू?

आठ महिने असे गेले. रविवारी अकरा वाजता मी त्या खुर्चीत एकटा बसायचो आणि मोकळा आवाज ऐकायचो. खरं सांगायचं तर करमत नव्हतं. मी दोन वेळा केबलची टोकं पुन्हा पुसली.

जूनमध्ये कोल्हारहून मेहुणा आला. ऊस सांभाळून तो लग्नात, सभांत लाऊडस्पीकर लावायचा धंदा करतो. त्याच्या आवाजाला आवाज म्हणायचं की मारहाण, हा आमचा जुना वाद. मेथीच्या जुड्या बहिणीच्या हातात देऊन तो सोफ्याच्या कडेला टेकला. मी कौतुकाने गाणं लावलं. अर्धं कडवंही झालं नसेल.

"दाजी, एक उलटा लागलाय."

"काय उलटा?"

"स्पीकर. एक आत ओढतोय न् एक भाईर ढकलतोय. मधी काय ऱ्हातंय का मग? लई बेकार लागतंय." तो उठलाच. "पेन्सिल सेल हाय का घरात?"

मी घड्याळातला सेल काढून दिला. त्याने स्पीकरची जाळी काढली, अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवली आणि उजव्या स्पीकरच्या तारांना सेल टेकवला. पडदा टुक करून बाहेर आला. मग डाव्याच्या तारांना तसाच टेकवला. पडदा टुक करून आत गेला.

"बगा," तो म्हणाला. "आमच्याकडं पहिल्या दिवशी हेच शिकिवत्यात."

आमच्याकडेही हेच शिकवतात. मीच शिकवायचो. दोन लाटा एकमेकींच्या विरुद्ध आल्या तर एकमेकींना मारतात, हे मी तीस वर्षं फळ्यावर काढलं, त्यावर दर वर्षी प्रश्न काढला आणि उत्तर न येणाऱ्यांचे मार्क कापले. आणि आठ महिने तेच उत्तर माझ्या हॉलमध्ये मोठ्याने वाजत होतं.

त्याने डाव्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली. बाई मधोमध येऊन उभी राहिली, गळ्यासकट. बायको आतून म्हणाली, "आता बरं वाटतंय की." मी मेहुण्याचे आभार मानले की नाही ते आठवत नाही. मी चप्पल घालत होतो.

सरांच्या घराचं दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. "या" म्हणाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. सर पेपर वाचत होते. पेटी कॉटखाली होती आणि तिच्यावर जुनी चादर घडी करून ठेवली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तांबडी तार, चंदेरी तार, टॉर्च, सेल. "तुमचं बरोबर होतं, सर. तुमचे कान शाबूत आहेत. माझी वायर उलटी होती."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी पेटी सोडली, सर," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात ना, स्वतःला कळत नाही, बाकीच्यांना कळतं. म्हटलं, लोक भिडेपोटी बोलत नसतील. आता चर्चमध्ये पाळकांच्या मिसेस वाजवतात."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी मागच्या बाकावर बसतो. प्रत्येक गीतात मला सूर चुकल्यासारखे लागतात. मी समजायचो, आपलेच कान." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे त्या खरंच चुकतात?"

आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी वाकून पेटी ओढली, चादर काढली, भाता उघडला आणि एक पट्टी दाबली. "हा कोणता सूर?"

मी ऐकलं. मन लावून ऐकलं. तो सूर होता, एवढंच मला कळलं.

"सांगता येणार नाही, सर. कधीच येत नव्हतं."

"मग माझे कान गेले, हे तुम्ही कशावरून म्हणालात?"

"तुम्ही केबलला नावं ठेवलीत म्हणून."

ते हसले नाहीत. त्यांनी एक गीत सुरू केलं. बोटं अडखळत होती, दोनदा थांबून पहिल्यापासून घेतलं. मला लाज वाटत होती, आणि वाजवणं थांबल्यावर ती वाढेल हे कळत होतं, म्हणून ते संपू नये असं वाटत होतं.

मिसेस ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. गीत संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग पदराला हात पुसत माझ्याकडे वळल्या.

"हे सकाळी सहाला उठून रोज वाजवायचे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून आले त्या दिवसापासून घरात आवाज नव्हता, सर. चहा टाकते. बसा."