गारगोटीवाल्यांचे रविवार

दगड जमवायचा नाद लागला की घरात जागा पुरत नाही. किस्स्यांना जागाच लागत नाही, म्हणून ते जास्त साठतात. माझ्याकडे दगड असतील दीडशे. किस्से मी कधी मोजले नाहीत.

आमची टोळी चौघांची. मी कंग्राळीची, बेळगावच्या एका कॉलेजात लायब्ररियन. कांबळे सर निपाणीला हायस्कूलमध्ये सायन्स शिकवतात, आमचे कॅप्टन तेच. डॉक्टर निपाणीचेच, दातांचे. आणि बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात लेथवर असणारा बसू. घरी कन्नड, आमच्यात मराठी, आणि हातोडा बोटावर बसला की पुन्हा कन्नड!

रविवारी आम्ही खडीच्या एखाद्या खाणीत असतो. तिथल्या काळ्या दगडात मधूनच पोकळी असते आणि पोकळीच्या आत स्फटिक. पांढरे, गुलाबी, नशीब असेल तर हिरवेगार. शास्त्रातली नावं लांबलचक आहेत. आम्ही सगळ्यांना गारगोटीच म्हणतो.

*

एकदा नव्या खाणीत गेलो. मालकानं फोनवर परवानगी दिलेली, पण तिथल्या मुकादमाला आमचा संशय आला. चार शिकली-सवरलेली माणसं भर उन्हात दगड कशाला उचलतील? नक्की गुप्तधन!

दिवसभर तो आमच्या मागं. आम्ही वाकलो की तो वाकायचा. संध्याकाळी त्यानं रस्ताच अडवला. "पिशव्या दाखवा."

दाखवल्या. त्यानं एकेक दगड हातात घेऊन उलटासुलटा केला. मग आमच्याकडं इतक्या दयेनं बघितलं की मला स्वतःचीच कीव आली.

"आक्का, दगडच पायजे हुते तर आधी सांगायचं न्हाय का? ट्रॅक्टरनं घरपोच दिलं असतं!"

*

स्फटिकांतली माती काढायला डॉक्टर दातांचीच हत्यारं वापरतात. एकदा दुपारी क्लिनिकमध्ये पेशंट नाहीत असं समजून ते एक दगड घेऊन बसले. फोन स्पीकरवर, पलीकडं सर.

"सर, घाव जरा जास्तच बसला हो! एक मुळापासनं तुटलं," डॉक्टर हळहळले. "जाऊ दे. शेजारचं पण हलतंय. पाडू का?"

"पाडा, पाडा!" सर म्हणाले.

बाहेर तेवढ्यात तीन पेशंट येऊन बसले होते, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. दार उघडलं तेव्हा बाहेर एक चप्पल होती. एकच!

*

हा माझ्या घरचा. कॅल्साइटचा, म्हणजे पांढऱ्या गारगोटीचा, एक सुरेख तुकडा मी धुऊन बाथरूमच्या खिडकीत वाळत ठेवला आणि विसरले. आठवड्यानं आठवण झाली, तर जागेवर नाही.

मामंजींना विचारलं. ते गालावर हात फिरवत म्हणाले, "ती तुरटी व्हय? आठ दिवस दाढी झाल्यावर घासतोय, काय उपेग न्हाय. खोटी हाय. दुकानदाराला बोल बोल बोललो आणि बदलून आणली."

मी तशीच पळत दुकानात गेले. "अण्णा, आमच्या मामंजींनी परत दिलेली तुरटी कुठाय?"

"ती? सकाळीच एकानं नेली की." आणि वर मान करून म्हणाला, "त्याची काय कंप्लेंट न्हाय!"

*

हेल्मेटशिवाय खाणीत पाय ठेवायचा नाही, हा सरांचा नियम. बसूला हेल्मेट म्हणजे शिक्षा. एके दिवशी त्याला सुईसारखे नाजूक स्फटिक सापडले. वरून खडा पडून मोडू नयेत म्हणून त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांच्यावर पालथं घातलं आणि शेजारीच बसला.

सर ओरडले, "बसू, हो मागं!" तो मागं झाला आणि त्याच क्षणी वरून नारळाएवढा दगड आला. हेल्मेट तडकलं. बसूचं डोकं तिथून दोन हातांवर होतं.

बसूनं हळूच हेल्मेट उचललं. स्फटिक शाबूत!

"सर, वाचला बघा दगड!"

सरांनी आधी स्फटिकांकडं बघितलं, मग बसूच्या डोक्याकडं.

"व्हय. दोन्ही वाचले."

*

आणि हा गेल्या थंडीतला.

सरांच्या आईंचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. निपाणीजवळच्या एका खाणीत त्यांनी ऐन तारुण्यात हातानं खडी फोडली, त्यावर सर शिकले. आम्ही तिथं जायचो, पण सर त्यांना कधी न्यायला तयार नसत. "तुझे हात तिथं सोलले, आई. परत कशाला?"

यावेळी आईंनी ऐकलं नाही. "माझी खाण हाय. बघू दे की."

आम्ही त्यांना सावलीत खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. आम्ही तीन रविवार रिकाम्या हातानं परतलो होतो, आज चौथा.

"काय हुडकतासा रं?"

सरांनी मोबाईलवर हिरव्या स्फटिकाचा फोटो दाखवला. आईंनी तो डोळ्याजवळ धरला. "हे व्हय? आण हातोडी."

दगडांच्या ढिगाजवळ त्या वाकल्या, कान तिरका केला आणि वाजवत निघाल्या. ठण. ठण. ठण. आणि मग, ठप्प.

"ह्यो फोड."

बसूनं छिन्नी लावली. दगड दोन भाग होऊन पडला. आत वाटीएवढी पोकळी, काठोकाठ हिरवी! एवढ्या वर्षांत आम्ही असलं काही बघितलं नव्हतं. बसू ओरडला, "अय्यय्यो!" सर मातीतच मटकन बसले.

"आई, तुला कसं कळलं गं?"

"न कळायला काय झालं? असल्या पोकळ दगडाची खडी हुईत न्हवती, मुकादम वरडायचा. म्हणून आधी वाजवून बघायचो. असला निघाला की टाकायचो पडक्या विहिरीत. समद्या बाया टाकायच्या. रोज."

आम्ही चौघं एकदम ओरडलो, "कुठली विहीर?"

"ती कवाच भरली. वर मंगल कार्यालय झालं न्हाय का?" आईंनी पदर सारखा केला आणि सरांकडं बघितलं. "तुझं लगीन तिथंच झालं की रं!"