‘खाली’ लिहिलेलं खोकं

आईनं फोनवर अट घातली. "नाताळला देवासला येईन. पण गव्हाण तुझी वहिनी मांडेल, आणि तू तोंड उघडायचं नाही."

"पहिली अट मान्य," मी म्हणालो. "दुसरी अर्धी."

"अर्धी म्हणजे?"

"जेवायला तरी उघडीन ना."

ती हसली, म्हणजे सौदा पटला. मी मनात म्हटलं, येऊ दे एकदा घरी, बाकीचं तेव्हा बघू.

माझा धंदा खोक्यांचा. कारखान्यांतून निघालेली रिकामी खोकी घ्यायची, फाटकी-चांगली वेगळी करायची आणि विकायची. अकरावी नापास झालो तेव्हा सायकलच्या कॅरियरवर बांधून सुरुवात केली होती. आता दुकान आहे, गोदाम आहे, आणि गच्चीवरून टेकडी दिसते असं स्वतःचं घर आहे. पण त्या घरात आईनं एकही नाताळ केला नव्हता. बाबा गेले, कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून ती धारला दादाकडे राहते. दादा तिथे शाळेत मास्तर आहे. गव्हाणही तिकडेच गेली, आणि आईच्या लेखी जिथे गव्हाण तिथे नाताळ.

ही गव्हाण दुकानातली नव्हे. बाबा नगरकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा हातात पैसे नव्हते, म्हणून बाळ येशूचा गोठा त्यांनी मिळेल त्यातून जमवला. बैल पोळ्याचा, मातीचा, शिंगं लाल रंगवलेली. मेंढपाळ म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा. त्याची तलवार मोडून हातात बांबूची काडी दिली, खांद्यावर घोंगडीचा तुकडा चिकटवला, पागोटं मात्र तसंच राहिलं. बाळाला बघायला उंटावरून येणाऱ्या मागी लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या, वाटेवर पसरायची वाळू नर्मदेकाठच्या नेमावरहून आणलेली, लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलेली. आणि बाळ बाबांनी स्वतः कोरलं होतं, सागाच्या तुकड्यातून, जेवणाच्या सुटीत. मी झालो त्या वर्षी. अंगठ्याएवढं बाळ, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा. आई म्हणायची, हुबेहूब धाकटा. म्हणून पंचवीस तारखेला सकाळी, देवळात, म्हणजे चर्चला, जायच्या आधी, ते बाळ गव्हाणीत ठेवायचा मान माझा. लग्न झालं, मिशा पिकायला लागल्या, तरी माझाच.

क्वार्टर सोडल्यानंतरच्या पहिल्या नाताळला मी धारला गेलो तर गव्हाणीत गुलाबी प्लास्टिकचं बाळ. मी विचारलं, आमचं कुठाय? वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे आलंच नाही. मावळाही नव्हता. गव्हाणीचं सगळं सामान धारला गेलं, बैल पोचला, उंट पोचला, वाळूची बरणीसुद्धा पोचली, आणि नेमकं बाळ पोचलं नाही? मी त्या दिवशी दारात उभं राहून बोलू नये ते बोललो. "बाबांचं बाळ तुम्ही भंगारात घातलंत," असं म्हणालो. वहिनी तशाच आत गेल्या. तेव्हापासून अकरा वर्षं मी नाताळला धारला गेलो नाही. आईच्या वाढदिवसाला जायचो, दिवाळीला फराळाचे डबे द्यायला जायचो, पण गव्हाणीसमोर उभा राहिलो नाही. आई दर डिसेंबरला दोन्ही घरांकडे बघून गप्प बसायची. या वर्षी तिनं ठरवलं होतं की हे मिटवायचं, आणि मिटलं नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही. दादानं मला तसं सांगूनच ठेवलं होतं.

चोवीस तारखेला दुपारी त्यांची गाडी आली. दादा चालवत, आई शेजारच्या सीटवर, वाळूची बरणी मांडीवर. मागे वहिनी आणि पुतणी, दोघींच्या मध्ये गव्हाणीचं खोकं. पुतणी इंदूरला कॉलेजात शिकते. मराठी बोलते, पण वाचायला लावलं तर अक्षराअक्षराला अडते.

घर तासाभरात बदलून गेलं. माझ्या बायकोनं करंज्या तळायला घेतल्या होत्या, त्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. बाबांनी तारेचा बनवलेला चांदणीचा सांगाडा माझ्याकडेच होता. त्याला नवा पतंगाचा कागद लावून मी चांदणी गच्चीवर टांगली. दादानं खालून ओरडून सांगितलं की वाकडी आहे.

"वाकडी नाहीये, वारा आहे."

"वारा एकाच बाजूनं वाढला का तिला?"

शेजारचा गल्लीतून म्हणाला, "भिया, थोडी सीधे हाथ को लो." मी उजवीकडे घेतली. दादाचं ऐकलं नसतं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वहिनी गव्हाण मांडत होत्या. मी लांब उभा होतो, हाताची घडी घालून, अटीप्रमाणे. त्यांनी दोन पाट ठेवले, मागे तपकिरी कागद धरला आणि म्हणाल्या, "डोंगर बसका होतोय. कागदाखाली घालायला काही हवं."

खोकी हवी होती, आणि घर माझं. मी पुतणीला म्हटलं, "माळ्यावर खाली खोकी पडलीयेत, बघ. टीव्हीचं, मिक्सरचं. घेऊन ये."

ती शिडी लावून चढली आणि मिक्सरचं खोकं घेऊन उतरली. हा मिक्सर आईचा, क्वार्टर सोडताना माझ्या वाट्याला आलेला. मिक्सर केव्हाच जळाला, पण खोकं माळ्यावर होतं. त्यावर निळ्या शाईत आईच्या अक्षरात लिहिलं होतं: खाली. क्वार्टरमधलं बांधलेलं सामान मीच चढवलं होतं. ‘खाली’ वाचलं आणि मिक्सरबरोबर हेही माझ्या टेम्पोत टाकलं होतं, हे मला आजही आठवतं. माझ्या गोदामात दिवसभर हाच शब्द चालतो. खाली माल इकडे, भरा माल तिकडे.

खोकं डोंगराला उंच पडत होतं. चपटं करायचं म्हणून मी ते जमिनीवर ठेवलं आणि पाय उचलला.

"पाय खाली घे," आई म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मी थांबलो.

"रिकामंच आहे, आई."

"कोण म्हणालं रिकामं?"

"तूच लिहिलंयस. खाली."

"रिकामं असतं तर रिकामं लिहिलं असतं. मी काय हिंदीत लिहिते?" तिनं खोकं ओढून घेतलं. "खाली म्हणजे खाली ठेवायचं. टेम्पोत वर चढवायचं नाही, गाडीत माझ्या पायाशी ठेवायचं. नाजूक होतं म्हणून लिहिलं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की त्या गडबडीत मीच कुठेतरी टाकलं. तुला म्हटलंही होतं, तू ऐकलंस कुठे."

पुतणी म्हणाली, "दादी, मैंने भी हिंदीवाला खाली ही पढ़ा था."

"तू पढ लिया तो चलेगा," आई म्हणाली. "याला मी स्वतः बाराखडी शिकवलीय."

चिकटपट्टी वाळून गेली होती, नखानं निघाली. आत कापूस, कापसात बाबांचा चौकडीचा रुमाल, रुमालात बाळ. मोठ्या कानासकट. बाजूला मावळा, घोंगडीला कसर लागलेली पण काठी शाबूत.

मी खोकं नुसतं उचलून सांगतो की भरलंय की रिकामं. गिऱ्हाईक गंमत म्हणून माझी परीक्षा घेतात. आणि हे खोकं मी स्वतः टेम्पोत ठेवलं, भाड्याच्या घरातून या घरात आणलं, माळ्यावर चढवलं. अकरा वर्षं ते माझ्याच डोक्यावर होतं आणि मी धारच्या दिशेनं बोटं मोडत होतो.

स्वयंपाकघरातून बायको झारा हातात घेऊन आली, बघितलं आणि परत गेली. माझी वेळ होती, आणि ती सगळ्यांना कळत होती. वहिनी तपकिरी कागदाला सुरकुत्या पाडत बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

मी घसा साफ केला. "वहिनी, म्हणजे बघा, चूक तशी लिहिण्यातही होती."

"हो का," वहिनी म्हणाल्या.

"आठ आणे माझी."

"भाऊजी, मी उठू का?"

"बारा आणे."

त्यांनी कागद खाली ठेवला. "त्या दिवशी दारात तुम्ही आठ आणे बोलला होतात का?"

दादा खिडकीतून बाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. आयुष्यात मी पहिल्या किमतीला कधी काही घेतलं नाही. दुकानदारानं चांगली किंमत सांगितली तरी दोन पावलं मागे फिरतो, सवयच आहे. पण समोर वहिनी बसल्या होत्या. याच बाईनं क्वार्टर रिकामं झालं त्या दिवशी आईचा हात धरून तिला गाडीत बसवलं होतं. मी तेव्हा खोकी मोजत होतो.

"सोळा आणे," मी म्हणालो. "सगळी माझी. मी चुकलो वहिनी. तेव्हाही, आणि नंतर दर वर्षी."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "आता ते खोकं द्या इकडे. डोंगर अजून बसकाच आहे."

मी ते दोन्ही हातांनी चपटं करून दिलं. मग मीही खाली बसलो. पुतणीनं वाळूची बरणी उघडली, मी वाट आखली, वहिनींनी पुसून टाकली आणि वळणाची आखली. त्यांची चांगली होती. मावळ्याला बैलाशेजारी उभं केलं तर पुतणी म्हणाली, चाचा, हे तर शिवाजी महाराजांचे सैनिक आहेत. मी तिला तलवारीची सगळी हकिगत सांगितली. आईनं मधूनमधून दुरुस्त्या केल्या. चहा दोनदा झाला. एक करंजी उंटाच्या पाठीवर ठेवलेली सापडली, ती दादाची करणी.

खरा प्रश्न सकाळी आला. सगळे नवे कपडे घालून गव्हाणीभोवती उभे होतो. सागाचं बाळ आईच्या तळहातावर होतं. वहिनींनी पर्समधून गुलाबी प्लास्टिकचं बाळ काढलं आणि कपाटावर ठेवायला निघाल्या.

"ते का बाजूला?" आई म्हणाली. "अकरा वर्षं त्यानंच निभावलंय."

पुतणी पटकन म्हणाली, "हो ना. मी लहानपणी त्यालाच अंगाई म्हणायचे."

गव्हाणीत जागा एकाची. वहिनींनी थोडा पेंढा सारला. माझा मान मला माहीत होता, आईनं हात माझ्याकडेच केला होता. मी तिच्या तळहातावरचं बाळ उचललं आणि वहिनींच्या हातात दिलं. "तुम्ही ठेवा." आणि त्यांच्या हातातलं गुलाबी बाळ मी घेतलं. अकरा वर्षांत मी त्याला बोट लावलं नव्हतं. फारच हलकं होतं, पण चेहरा हसरा होता. दोन्ही शेजारी शेजारी निजवली.

"उशीर होतोय," दादा म्हणाला, आणि तरी तिथेच उभा राहिला.

देवळातून आलो तर शेजारच्या काकू फराळाचं ताट परत द्यायला आल्या. गव्हाणीपाशी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात जुळं असतं का हो? मला आपलं एकच माहीत होतं."

आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "एक धारचं, एक देवासचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दोघं धारला. धाकटा घेऊन येणार आहे."

मला कोणी विचारलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, मी काय घासाघीस करतो ते ऐकायला.

"किती दिवस आधी येऊ?" मी विचारलं.