साचा उघडायची घाई

दिवाळी आठवड्यावर आली होती आणि माझी पहिलीच मेणबत्ती साच्यातून निघत नव्हती. बचत गटातल्या बाईंनी शिकवलं होतं, साच्याला आतून तेलाचं बोट फिरवा, वितळलेलं मेण ओता आणि साचा पाण्यात ठेवा. मी सगळं तसंच केलं. फक्त पाणी घेतलं गच्चीवरच्या टाकीचं, आणि जळगावात ऑक्टोबरच्या दुपारी त्या नळाला अंघोळीचं गरम पाणी येतं. दर पाच मिनिटांनी मी साच्याचे स्क्रू सैल करून बघायचे. मेण बोटाला चिकटायचं. मग मी साच्यावर लाटणं हाणलं, फटीत सुरी घातली, शेवटी वात धरून ओढली. नुसती वात हातात आली.

सासूबाई धुळ्याकडच्या. इतका वेळ त्या माझी खटपट बघत होत्या.

"इतली घाई कसाले करस? बठ्ठं थंडं होऊ दे," त्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे आधी सगळं थंड होऊ दे.

त्यांनी माठातल्या पाण्यात गोणपाट भिजवलं, मेण ओतलेला दुसरा साचा त्यात गुंडाळला आणि कूलरसमोर ठेवला. मी तेवढ्यात ओसरी दोनदा झाडली. तासाभराने त्यांनी साचा उघडला, तर मेणबत्ती अलगद त्यांच्या तळहातावर आली. ती गुळगुळीत होती म्हणतात. मी नीट पाहिलीच नाही, माझा हात तिसऱ्या साच्याच्या स्क्रूवर होता.

सासूबाईंनी तो साचा माझ्या हातातून काढून घेतला, गोणपाटात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसल्या.